तिसऱ्या फितीची पाठ

समस्त मराठी वाचकांस, आणि विशेषतः शर्टाचं तुटलेलं बटण लावून घेण्यासाठी ज्यांना बायकोची मनधरणी करावी लागते अशा पुरुषवर्गास, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक एक्क्याऐंशी सालच्या डिसेंबरात साताऱ्याहून थेट नागपूरला जाऊन आला. प्रवासाचं कारण: एक फीत उलटी करून पाहणे. सदर फीत चार बोटं रुंद होती आणि तिच्यापायी दोन घरं, एक छापखाना आणि एक ठरलेलं लग्न अडून बसलं होतं. वाचकांनी उभं राहण्याची गरज नाही. मात्र तोंडात पान असेल तर आधी थुंकून यावं.

आता फीत म्हणजे काय ते सांगतो. फौजेच्या वर्दीच्या बाहीवर टोक खाली केलेली पट्टी असते ना, ती. एक असली तर लान्स नाईक, दोन असल्या तर नाईक, तीन असल्या तर हवालदार. मी विमा कचेरीत कारकून आहे, आयुष्यात एअरगनसुद्धा उडवलेली नाही. पण माझ्याकडे बिस्किटांच्या चार डब्यांत सहाशे फिती आहेत. आमची सौभाग्यवती त्यांना चिंध्या म्हणते. लोकांना त्या सगळ्या सारख्या दिसतात. अहो, सारख्या कशा? एकीची लोकर, दुसरीचं सूत. एकीचं टोक दुमडलेलं, दुसरीचं कापून सांधलेलं. एकीच्या पाठीला जाड खाकी, दुसरीच्या पाठीला मच्छरदाणीसारखी काळी जाळी. लढाईच्या काळात जिथे जे मिळेल त्यातून फिती झाल्या, त्यामुळे एकाच हुद्द्याच्या फितीचे पंचवीस प्रकार निघतात. हे सगळं मी एका रविवारच्या पुरवणीत लिहिलं, आणि पंधरा दिवसांनी नागपूरहून प्रल्हाद गजभिये नावाच्या गृहस्थांचं पत्र आलं. "आमच्या वडिलांच्या वर्दीवर तीन फिती आहेत. आपण येऊन पाहाव्यात. काम नाजूक आहे, सविस्तर भेटीत."

नाजूक! छंदिष्ट माणसाला हा शब्द म्हणजे मुंगीला गूळ. मी रजा टाकली. गाडीच्या प्रवासाबद्दल काही सांगत नाही. बसलो, भुसावळला केळी खाल्ली, उतरलो.

इंदोरा

प्रल्हादराव स्टेशनवर आले होते. चाळिशी ओलांडलेला, सरळ भांग पाडलेला माणूस. कळमेश्वरच्या एका कारखान्यात फोरमन. "जयभीम साहेब, चला," म्हणाले आणि माझी बॅग हिसकावूनच घेतली. सायकलरिक्षात मी दोनदा विचारलं की काम नाजूक म्हणजे कसं. दोन्ही वेळा त्यांनी मला डाव्या हाताची इमारत दाखवली.

इंदोऱ्यातलं त्यांचं घर छोटं, झाडून-पुसून लख्ख. ओसरीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एका खुर्चीत वडील, गोविंदराव. सत्तरीला टेकलेले, पाठ अशी की खुर्चीला पाठ आहे हे खुर्चीनं विसरून जावं. आणि दारातच त्यांच्या पत्नी तुळसाबाई. उंचीनं माझ्या खांद्याला, आवाजानं माझ्या डोक्यावर.

"बसा ना जी. पानी घ्या. सातारा म्हणजे लय दूर असन, नाही? मंग आधी खा."

आमच्याकडे पाहुण्याला आधी "चहा घेणार का" असं विचारतात आणि तो नको म्हणाला तर कोणी फार दुःख करत नाही. इथे विचारणंच नाही. पोह्यांची ताटली समोर आली. मी साताऱ्याचा, पोहे म्हणजे काय ते मला माहीत, असं समजून घास घेणार तेवढ्यात तुळसाबाईंनी त्यावर हरभऱ्याच्या लाल रश्शाचा पळीभर मारा केला. त्याला तर्री म्हणतात. तिखट भिवापूरचं, होणाऱ्या नातसुनेच्या माहेराहून आलेलं. पहिल्या घासाला मला चव कळली. दुसऱ्या घासाला माझे कान कुठे आहेत ते कळलं. तिसऱ्या घासानंतर मी रडत होतो आणि गोविंदराव पहिल्यांदाच बोलले.

"पानी नका पिऊ. आणखी भडकते."

अशा पाणावलेल्या डोळ्यांनी मी कामाला बसलो. प्रल्हादरावांनी लोखंडी पेटीतून कडुनिंबाच्या पाल्यात घडी करून ठेवलेला खाकी शर्ट काढला. उजव्या बाहीवर तीन फिती. मी डोळे पुसले, भिंग काढलं, आणि पुढच्या दोनच मिनिटांत स्वतःचं वय, शिक्षण आणि शिष्टाचार सगळं विसरलो. वरच्या दोन फिती एका जोडीतल्या: विलायती लोकर, नागमोडी वीण, टोकाला एकच सुबक दुमड. आणि तिसरी? तिसरी सुती! रंगानं पिवळट, वीण सरळ, टोक कापून सांधलेलं, कडेनं डोकावणारं पाठीचं पातळ खाकी कापड. असा नमुना माझ्या सहाशेंत एकही नव्हता!

मी उडी मारली. खरोखर मारली. ओरडलो, "अहो, ही तिसरी वेगळी आहे! या दोघींशी तिचा काही संबंध नाही! संपूर्ण वेगळ्या हाताची आहे!"

गोविंदराव उठले, काठी घेतली आणि मागच्या अंगणात निघून गेले. प्रल्हादराव जमिनीकडे बघत होते. तुळसाबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या, आणि ती नजर मी आमच्या सौभाग्यवतीचीसुद्धा पाहिलेली नाही.

"एवढं बोलासाठी सातारहून आले काय तुमी?"

मग मला सगळं कळलं, जे पत्रात लिहायला हवं होतं. गोविंदराव ब्रह्मदेशच्या लढाईत होते. नाईक होते, दोन फिती. लढाई संपली, फौजेतून नाव कमी झालं, आणि परतीच्या ट्रकमध्ये चढताना बढतीची तिसरी फीत हातात पडली. ती खिशात घालून ते घरी आले आणि तुळसाबाईंनी (अक्षरओळख नाही, पण टाका बारीक) ती भर दिवसा अंगणात बसून बाहीवर शिवली. अख्ख्या मोहल्ल्यानं पाहिलं. ज्यानं पाहिलं त्यानं सांगितलं की गोविंदानं इतवारीच्या बाजारातून फीत आणली आणि बायकोनं त्याला हवालदार केलं. कागदपत्रं होती, ती वाळवीनं खाल्ली. तेव्हापासून गोविंदरावांचं नाव पडलं 'इतवारीचा हवालदार'.

"माह्यासमोर कोणाची टाप नाही म्हणाची," तुळसाबाई म्हणाल्या. "नळावर एकीनं म्हटलं तं तिची बालटी म्या गटारात घातली. एकाच्या बारशात जाऊन भांडली मी. माहा माणूस हवालदार आहे म्हणजे आहे!"

आता नातवाचं लग्न भिवापूरला ठरलेलं. मुलीचे आजोबा दौलतराव, तेही त्याच लढाईतले, निवृत्त नाईक. इकडे व्याह्याला इवाई म्हणतात. तर या इवायांनी निरोप धाडला की लग्नपत्रिकेत 'हवालदार गोविंदराव' असं छापलं तर माझं नाव त्या पत्रिकेवर नको. गोविंदरावांनी उलट सांगितलं की 'नाईक' छापलं तर मी लग्नाला येत नाही. छापखान्यात जुळवलेले खिळे तसेच पडून. शेवटी दोन्ही बाजूंनी ठरवलं की सातारच्या जाणकाराला बोलवा. फीत फौजेची निघाली तर हवालदार, बाजारची निघाली तर नाईक.

आणि जाणकारानं आल्याआल्या उडी मारून हे केलं होतं.

"परवा सोमवारी इवाई येते," प्रल्हादराव म्हणाले. "छापखानेवाल्यानं संध्याकाळपर्यंतची मुदत देल्ली आहे. आता काय करता गा साहेब?"

इतवारी

दुसऱ्या दिवशी आम्ही इतवारीत शोधायला निघालो की अशी फीत तिथे कधी मिळत होती का. मिळत नव्हती असं सिद्ध झालं की प्रश्न मिटला, असा माझा साधा-सरळ बेत.

इतवारीच्या गल्ल्यांत माणूस चालत नाही, वाहतो. धान्याची पोती, कापडाचे गठ्ठे, सोनारांच्या पेढ्या, टेम्पो, हातगाड्या सगळं एकाच वेळी एकाच ठिकाणी जायला निघालेलं असतं. पितळी भांड्यांनी लादलेल्या एका हातगाडीनं मला मागून असा धक्का दिला की मी समोरच्या दुकानातल्या घंगाळाला मिठी मारली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "घेऊन राहिले काय? नाही तं सोडा."

चार दुकानांत कोणाला काही माहीत नव्हतं. पाचवं गोटा-किनारीचं, जरीच्या रिळांनी भरलेलं. गादीवर एक म्हातारे सेठ. मी कागदावर काढून आणलेलं फितीचं चित्र त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"अरे साहेब, ये तो अपनाच माल आहे ना!"

प्रल्हादरावांचा चेहरा पांढरा पडला. माझा मात्र लाल झाला असणार, कारण सेठ उठले, माडीवर गेले आणि पुठ्ठ्याची एक चपटी पेटी घेऊन आले. आत चार फिती! सुती, पिवळट, टोक सांधलेलं! मी त्या हातात घेतल्या. दोन वेळा नाकाला लावल्या. वास डांबराच्या गोळ्यांचा होता, पण मला अत्तरासारखा वाटला.

सेठ सांगू लागले. लढाईत विलायती माल बंद झाला तेव्हा त्यांच्या वडिलांनी एका ठेकेदारामार्फत फौजेला फिती पुरवल्या. आधी लोकरीची पट्टी होती, मग लोकर मिळेना म्हणून सुती. सुती पट्टी जाड, टोकाला दुमडली की फुगायची, म्हणून घरोघरी काम करणाऱ्या बायका ती कापून सांधायच्या.

"आणि हे पाहा," सेठ म्हणाले, "फौजेचा बाबू इथीच येऊन बसे. एकेक फीत तपासे. पास झाली तं पाठीवर बाणाचा शिक्का. नापास झाली तं फेकून दे. आमचे बाबूजी फेकणाऱ्यातले नव्हते. ते नापास माल बँडवाल्यांना विकत. लग्नात बाजा वाजवून राहिलेला हरेक माणूस त्या टायमाले हवालदार दिसे!"

हा हा हा! मी इतका हसलो की एका गिऱ्हाइकानं खरेदी अर्धवट सोडली. पण बाहेर पडल्यावर प्रल्हादराव थांबले.

"साहेब, तुमी हसून राहिले. पण हे तं आणखी बिघडलं ना. फीत इतवारीचीच निघाली."

"अहो, इतवारीचीच, पण फौजेचीसुद्धा असू शकते! पुढून दोघी जुळ्या बहिणी. फरक फक्त पाठीवर. शिक्का असला तर फौजेची, नसला तर बँडवाल्याची. चार टाके उसवायचे, बघायचं, परत शिवायचं. पाच मिनिटांचं काम!"

त्या आनंदात आम्ही पाटवडी-रस्सा खाल्ला. बेसनाच्या वड्या आणि वर काळसर तेलाचा तवंग. या वेळी मी पाणी प्यायलो नाही. प्रगती म्हणतात ती हीच.

पुन्हा इंदोरा

सोमवारी सकाळी दौलतराव भिवापूरहून आले. सडपातळ, मिश्या पिळदार, हातात मिरच्यांची पिशवी. पिशवी तुळसाबाईंना दिली, "जयभीम" म्हणाले, आणि गोविंदरावांच्या समोरच्या खुर्चीत तेवढेच ताठ बसले. दोघांमध्ये तिपाई, तिपाईवर शर्ट.

"राग नका मानू इवाई," दौलतराव म्हणाले. "मी दोन फितीसाठी तीन पावसाळे चिखलात झोपलो. माह्यासोबतचे किती पोरं तिथीच राहिले. माह्या नावाच्या वर कोणी बाजारातला हवालदार बसन, तं मले त्या पोराईले तोंड दाखवता येणार नाही."

हे ऐकून माझा मिस्कीलपणा जरा आवरला. माणूस हट्टी नव्हता, त्याचं म्हणणं खरं होतं.

मी इतवारीची हकिगत सांगितली. शिक्क्याचं सांगितलं. मग खिशातून छोटी कात्री काढली आणि रंगमंचावर तलवार काढावी तशी वर धरली. "चार टाके उसवू या."

"नाही," गोविंदराव म्हणाले.

"अहो, पण फक्त चार..."

"फीत कोणाची उसवते साहेब? ज्यानं गुन्हा केला त्याची. साऱ्या पलटनीसमोर उभं करते अन् बाहीवरून फीत काढून घेते. म्या पायला आहे तसा माणूस. मेला असता तं बरं, असं तोंड झालं होतं त्याचं. पाठीवर काय आहे ते मले ठाऊक आहे. तुमाले पाहाची गरज पडली, हेच वाईट. माहा गुन्हा काय ते आधी सांगा, मंग कात्री आणा."

मी मदतीसाठी दौलतरावांकडे पाहिलं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं तेच दौलतराव जोरजोरात मान हलवत होते.

"बरोबर आहे. फीत नाही उसवत. मीबी नसती उसवू देल्ली."

घ्या! इतके दिवस निरोपांवर भांडणारे दोन म्हातारे आता एका बाजूला आणि आम्ही सगळे बिनवर्दीचे दुसऱ्या बाजूला. प्रल्हादरावांनी कपाळाला हात लावला. "बाबा, संध्याकाळी छापखाना..."

"कोरी जागा ठेवा म्हणा."

मी शर्ट अंगणात नेऊन उन्हासमोर धरला. फितीतून काहीतरी काळपट सावली दिसत होती. शिक्का असेल, किंवा माझ्या बोटावरची तर्री असेल. खात्रीनं सांगता येईना. आत येऊन मी तसं म्हणालो, आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांवर एकच समाधान दिसलं: चला, हरलो तर हरलो, पण नियमानं हरलो.

तेव्हा इतका वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या तुळसाबाई उठल्या. हात पदराला पुसत ओसरीवर आल्या.

"फीत उसवाची नाही. बरोबर?"

"नाही," दोघं एकदम.

"तिचा टाका हलवाचा नाही."

"नाही."

"अन् बाहीचं काय?"

दोन्ही सैनिकांनी एकमेकांकडे पाहिलं. "बाहीचं काय म्हणजे?" गोविंदराव.

"बाहीले कोणता गुन्हा लागते? बाही फाटली तं पलटनीसमोर उभं करते काय?"

बराच विचार झाला. मग दौलतराव अत्यंत जबाबदारीनं म्हणाले, "बाहीबद्दल तसा काही नियम नाही."

"मंग झालं!" त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. शर्ट उलटा केला, बाही आतून बाहेर ओढली. आता फीत खाली आणि तिच्या मागचं खाकी कापड वर. टाक्यांची त्रिकोणी ओळ आतून स्पष्ट दिसत होती, बारीक, एकसारखी. छत्तीस वर्षांपूर्वीच्या तरुण बोटांची. त्या ओळीच्या आत कापडाला कात्रीचं टोक लावून त्या क्षणभर थांबल्या. म्हातारपणी बारीक दिसत नसेल, असं मी तेव्हा समजलो.

"काप," गोविंदराव म्हणाले. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर.

कर्र. फक्त बाहीचं कापड कापलं गेलं. खिडकीच्या झडपेसारखा एक तुकडा उचलला गेला आणि त्याखाली फितीची पाठ दिसली. फीत जागच्या जागी, एकही टाका हललेला नाही. मी भिंग घेऊन अक्षरशः त्या भोकात डोकं घातलं.

"बाण!" मी किंचाळलो. "बाणाचा शिक्का! पास झालेली फीत! आणि खाली... थांबा, थांबा... खाली जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. आकडे आहेत!"

"वाचा," दौलतराव उभे राहून म्हणाले.

"सात... एक..."

"नऊ, शून्य, चार, चार, दोन," गोविंदराव डोळे न उघडता म्हणाले. एका दमात, परेडवर ओरडावं तसं. "स्टोअरबाबूनं लिवला होता. माहा नंबर."

एकेक आकडा मी भिंगातून ताडून पाहिला. जुळला. आणि आकड्यांच्या पुढे तीन इंग्रजी अक्षरं, पुसट पण ठाम. एच, ए, व्ही. हवालदार! माझ्या सहाशे फितींपैकी एकीच्याही पाठीवर तिच्या मालकाचं नाव-गाव नाही, आणि इथे हुद्द्यासकट नंबर! मी काय बडबडत होतो ते मला आठवत नाही. प्रल्हादराव सांगतात की मी छापखानेवाल्याला मिठी मारायला निघालो होतो, तो तिथे नसतानाही.

दौलतरावांनी माझ्या हातातून भिंग घेतलं, स्वतः वाचलं, परत दिलं. मग मिशीवरून हात फिरवला आणि गोविंदरावांच्या खुर्चीसमोर टाचा जुळवल्या. नाईकानं हवालदाराला सलाम करायचा नसतो, नुसतं सावधान उभं राहायचं असतं. ते सावधान उभे राहिले. गोविंदरावांनी डोळे उघडले, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "आराम."

प्रल्हादराव एव्हाना चपला घालून छापखान्याकडे निघाले होते. मी आनंदानं तुळसाबाईंकडे वळलो, म्हटलं, आता या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं काहीतरी बोलतील. त्या मात्र कात्री हातात तशीच धरून, बाहीतल्या त्या भोकाकडे आ वासून बघत होत्या. नळावर भांडलेल्या, बारशात भांडलेल्या, नवऱ्याच्या हवालदारकीसाठी छत्तीस वर्षं गल्लीशी उभा दावा मांडलेल्या तुळसाबाईंच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं निघून गेलं:

"अवं माय! म्हणजे हे खरंच बोलून राहिले होते!"